तिसऱ्या मजल्यावर कोणीच आलं नाही

१. कुंपणावरचा कागद

अंबुजाआज्जी जिवंत होत्या, स्वतःच्या घरात होत्या, आणि रवाडोशाच्या पिठात जिरं कमी पडलं म्हणून स्वतःवरच वैतागल्या होत्या. त्याच वेळी दोन गल्ल्या पलीकडे, शाळेच्या कुंपणाला लावलेल्या मतदार यादीत त्यांचं नाव नव्हतं. शेजारी दुसरा एक कागद होता, वगळलेल्यांचा. त्यात त्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, घर क्रमांक बरोबर, वडिलांचं नाव बरोबर. पुढे कारण: कायमचं स्थलांतर.

कागद तमिळमध्ये होता आणि तो मी वाचला. हे मी जरा मिरवूनच सांगते, कारण टी. नगरात अकरा वर्षं राहून आमच्या घरात तमिळ वाचता येणारी मी एकटी, आणि तेसुद्धा गेल्या जूनपासून. आईबाबांचं भाजीपुरतं बोलणं चालतं, पण अक्षरं म्हणजे दोघांनाही जिलब्यांचं ताट. मला ती अंबुजाआज्जींनी शिकवली. रोज संध्याकाळी पाच वाजता, त्यांच्या स्वयंपाकघरात. आणि त्यातून मी वाचलेला सगळ्यात लांबलचक शब्द निघाला तो हा, स्थलांतर.

मी धावत तिसरा मजला चढले आणि सांगितलं. आज्जींनी गॅस बंद केला.

"स्थलांतर कोठें केलें मीं? गांवाचें नांव तरी लिहिलें आहे?"

"नाही."

"मग जाऊं तरी कोठें, कण्णा?" त्या मला लाडाने असंच म्हणतात.

आज्जी तंजावरच्या. त्यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी घेऊन इकडे आले आणि ती अजून तशीच आहे, मधे मधे तमिळचे खडे लागतात एवढंच. खालचे लोक त्यांना 'ती मराठीवाली' म्हणतात. माझी आई त्यांना 'त्या तमिळ बाई' म्हणते. दोन्हीकडून एकच प्रश्न येतो, तुम्ही मूळच्या कुठल्या? त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, १९७२ सालचे नंबरही त्यांना पाठ आहेत. एकाहत्तरपासून एकही मतदान चुकवलं नाही. नऊ निवडणुकांत तर ड्यूटीवर होत्या, बोटाला शाई लावायच्या टेबलाशी.

"चेहरा पाहिल्यावांचून एकाच्याहि बोटाला शाई लावली नाहीं," त्या म्हणाल्या. "आणि माझा चेहरा कोणी पाहिला?"

हाच प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. मला वाटलं होतं, दोन दिवसांचं काम आहे.

२. सोमवार

आज्जी कित्येक महिन्यांनी, माझ्या खांद्याला धरून, जिना उतरल्या. यादीच्या कचेरीतला कारकून वाईट नव्हता, फक्त दमलेला होता. त्याने फाइल उघडली. बारा नोव्हेंबर, अठरा नोव्हेंबर, पंचवीस नोव्हेंबर. यादी तपासायला घरोघर फिरणाऱ्या शिक्षिकेच्या तीन भेटी, तिन्ही वेळा कुलूप. त्याच इमारतीतल्या एका रहिवाशाची दुजोऱ्याची सही. सही कोणाची ते सांगता येणार नाही.

"नवा फॉर्म भरा ना," तो म्हणाला.

नव्या फॉर्मवर एक ओळ होती: माझं नाव यापूर्वी कोणत्याही यादीत नव्हतं, असं मी जाहीर करते. आज्जींनी ती दोनदा वाचली.

"हें खोटें आहे. खोट्यावर सही करून खरी होऊं?"

शिवाय जन्माचा पुरावा हवा होता. आज्जी पूर्वी तळमजल्यावर राहायच्या. दोन हजार पंधराच्या पुरात कपाट, शाळेचा दाखला, लग्नाचे फोटो, सगळं तीन दिवस पाण्यात होतं. म्हणून तर त्या गुडघे दुखत असूनही तिसऱ्या मजल्यावर गेल्या.

दुसरी वाट एकच. ज्या शिक्षिकेने भेटी लिहिल्या तिने, किंवा ज्याने सही केली त्याने, 'चूक झाली' असं लिहून द्यायचं. मग जुनं नाव जुन्या जागी परत. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

मी झेरॉक्स काढायला खाली गेले. परत आले तर आज्जी टेबलापासून दूर, भिंतीला टेकून उभ्या होत्या. परत रिक्षाने निघालो. पांडी बाजारच्या सिग्नलला म्हणाल्या, "सोडून दे गे हें."

"का?"

"असेंच."

मला वाटलं, उन्हाने दमल्या.

३. ज्यांना कारण होतं

घरी आले तर आमच्या दारात नेहमीसारखी दोन माणसं कागद घेऊन उभी. बाबा गेल्या जूनमध्ये राजपत्रित अधिकारी झाले, तेव्हापासून सगळ्या इमारतीच्या झेरॉक्सवर 'खरी नक्कल' करायचं काम आमच्या जेवणाच्या टेबलावर चालतं. बाबांना ते आवडतं. कोणालाही ते परत पाठवत नाहीत. आधी सही, मग चहा. त्यासाठी खास हिरव्या शाईचं पेन, खिशात कायम. पायात कोल्हापुरी, जिन्यात करकर ऐकली की लोक ओळखतात, शरदचंद्र सर आले.

मी सगळं सांगितलं. बाबांनी पेनाचं टोपण लावलं.

"वाईट झालं. नवा फॉर्म भरायला सांग त्यांना, कौमू. अडवून धरण्यात अर्थ नसतो."

आई म्हणाली, "तुझी वार्षिक परीक्षा जवळ आली आहे, तपास कसले करतेस?"

पण मला पहिला संशयित मिळाला होता. विजयेंद्र अंकल, सोसायटीचे सेक्रेटरी. मागचं फाटक कायमचं बंद करावं, म्हणजे इस्त्रीवाली आणि फुलवाली आत येणार नाहीत, असा त्यांचा ठराव. सभेत सगळे हो म्हणतात, आज्जी एकट्या हात वर करून नाही म्हणतात, आणि ते नोंदवून घ्या असंही म्हणतात. गेल्या वर्षी अंकलनी इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं होतं की जी माणसं सहकार्य करत नाहीत त्यांनी दुसरीकडे राहावं.

"म्हणजे मी त्यांना यादीतून उडवलं?" अंकल हसले. "बाळ, यादीतून त्या गेल्या तरी माझ्या सभेतून कुठे जातात? त्यांची मालकी आहे. मला त्याचा काय उपयोग?"

"नोव्हेंबरमध्ये तुम्ही कुठे होता?"

"कोइंबतूर. मुलीचं बाळंतपण. महिनाभर. ग्रुपवर बाळाचे फोटो टाकले होते, तू अंगठा दाखवला होतास."

दाखवला होता खरा. अंकल बाद.

दुसरे राममूर्तीमामा, आज्जींचे भाचे. शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरमध्ये. आज्जींनी घर विकून आपल्या जवळच्या वृद्धाश्रमात यावं म्हणून ते दोन वर्षं मागे लागलेत. फोनवर मी सरळ विचारलं, तुम्ही त्यांचं नाव तिकडे हलवलं का?

"मी? माझंच नाव कुठे आहे मला ठाऊक नाही. तीन पत्ते झाले माझे. मतदानाची सुट्टी मिळते एवढं माहीत आहे." मग आज्जींबद्दल म्हणाले, "अत्तैला सांग, मनाला लावून घेऊ नको. एका मताने काय होतं?"

शिवाय दुजोरा आमच्याच इमारतीतल्या माणसाचा हवा. मामा बाद.

मंगळवार संपला. वहीत दोन काट मारलेली नावं, आणि तीन तारखा.

तारखा. मी त्या तारखांकडे पाहत बसले आणि एकदम फोन शोधायला लागले.

४. मुंग्यांचा अल्बम

आज्जी रोज सकाळी दारासमोर कोलम, म्हणजे इकडची रांगोळी, काढतात. तांदळाच्या पिठाचं, कोरडं. तिसऱ्या मजल्यावर दोनच घरं. समोरच्याला चार वर्षं कुलूप, मालक अमेरिकेत. त्यामुळे जिन्याच्या शेवटच्या पायरीपासून उंबऱ्यापर्यंतची सगळी फरशी आज्जींची. बेल दाबायची तर कोलमवर पाय ठेवल्याशिवाय हात पोचतच नाही. दूधवाला पिशवी जिन्याच्या कठड्याला अडकवतो. आज्जी गुडघ्यांमुळे सहसा खाली उतरत नाहीत.

तांदळाचं पीठ का, तर मुंग्यांनी खावं म्हणून. हे कळल्यावर मी दसऱ्यापासून रोज दोन फोटो काढायला लागले. सकाळी शाळेत जाताना, आणि पाच वाजता, शिकायला जाण्याआधी, पायरीवरूनच. एका दिवसात मुंग्या किती खातात ते बघायला. फोटो काढून झाला की आज्जी आतून म्हणतात, "ये, टाक पाय." दिवसाचं पहिलं पाऊल माझं.

बारा नोव्हेंबर, सकाळ: सात ठिपक्यांचं कमळ. संध्याकाळ: एक पाकळी मुंग्यांनी नेलेली. बाकी अखंड.

पंचवीस नोव्हेंबर: तेच. पाऊल नाही, ठसा नाही.

कोलम होतं म्हणजे आज्जी घरात होत्या. ते मोडलं नव्हतं म्हणजे दारापर्यंत कोणी आलंच नव्हतं. तीनपैकी दोन भेटी मी माझ्या फोनवर खोट्या पाडल्या होत्या. त्या क्षणी मला स्वतःबद्दल जे वाटलं ते मी इथे लिहीत नाही.

मग अठरा नोव्हेंबर उघडला.

सकाळी मोरांची जोडी. संध्याकाळी डावा मोर पुसलेला. दोन मोठी पावलं आत गेलेली, दोन बाहेर आलेली. पुरुषाची. तळव्यावर नक्षी नाही, रबरी चपलेला असते तशी. अगदी सपाट.

म्हणजे त्या दिवशी कोणीतरी वर आलं होतं. दारात उभं राहिलं होतं. आणि आज्जी घरात होत्या.

मी फोटो घेऊन वर गेले. आज्जींनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"कोण आलं होतं आज्जी?"

"आठवत नाहीं गे."

बहात्तरचे नंबर पाठ असलेली बाई. दोन महिन्यांपूर्वीचा पाहुणा आठवत नाही. मी ते वहीत लिहिलं, पण पुढे प्रश्नचिन्ह काढलं नाही.

५. सुंदरची खुर्ची

आमचे वॉचमन सुंदरअण्णा फाटकावर असतात, विळुपुरमकडचे. आमचं बोलणं तमिळमध्ये झालं.

"तीन वेळा? नाही कण्णू. जयंती टीचर, बाजूच्याच शाळेतली, एकदाच आली. अठरा तारखेला, पावसात. साडी पिंढरीपर्यंत भिजलेली. माझ्या खुर्चीत बसली, मीच चहा दिला."

"वर गेली?"

"कुठून जाणार, पाय सुजले होते तिचे. मला विचारत गेली, मी सांगत गेलो. तिसरा मजला म्हणाली. मी म्हणालो कुलूप, मालक अमेरिकेत."

"ते समोरचं घर, अण्णा."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आज्जी खाली येतच नाहीत. फाटकावरून जे दिसत नाही ते मी विसरतो."

"सही कोणी केली?"

"साडेचारची वेळ. लोक येत-जात होते, खाली-वर करत होते. कोणाकडून तरी घेतली तिने. मी मोटर बंद करायला गेलो होतो."

मी म्हणाले, एवढंच लिहून द्या. वर कोणी गेलं नाही, एवढंच.

"माझं नाव गावच्या यादीत आहे," सुंदरअण्णा म्हणाले. "मी गावात राहतो का? नाही. इथे आहे का? इथे मला पत्ताच नाही, खुर्ची आहे. मी कागदावर तोंड उघडलं तर पहिला प्रश्न मला येईल. मग माझंही जाईल." त्यांनी टोपी पुन्हा घातली. "तू लहान आहेस म्हणून तुला सांगितलं. मोठ्यांना मी काही सांगितलेलं नाही."

६. जयंती टीचर

बुधवारी शाळा सुटल्यावर मी जयंती टीचरना त्यांच्या शाळेबाहेर गाठलं. हातात वह्यांचा गठ्ठा, पायात दोन वेगळ्या मापांच्या चपला. उजवा पाय अजून सुजलेला.

मी फोटो दाखवले. त्यांनी वाद घातला नाही. बसस्टॉपच्या बाकावर बसल्या.

"अकराशे माणसं दिली होती मला. वर्ग सुटल्यावर. प्रत्येकाकडे तीनदा जायचं. जायला झालं नाही तर तारखा तरी तीन हव्यात. तू काय केलं असतंस?"

मी फोटो पुन्हा पुढे केला.

"ती बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे," मी म्हणाले. "घरात होती. कोलम काढून."

"माझ्या आईचंही गेलं आहे," जयंती टीचर म्हणाल्या. "दुसऱ्या भागात. तिथे दुसरी कोणी टीचर होती."

बस आली आणि गेली. त्या चढल्या नाहीत.

"लिहून द्याल?"

"न जाता लिहिलं असं मी लिहून दिलं तर उद्या मला नोकरी नाही. दोन टीचरना नोटिसा आल्याच आहेत. मला दोन मुलं आहेत, ती तुझ्यासारखीच हुशार आहेत. पण ज्याने सही केली त्याला काय, तो साधा रहिवासी. तो म्हणू शकतो, मला नीट माहिती नव्हती."

"तो कोण?"

"नाव कुठे विचारलं मी. जिन्यावरून आला. भला माणूस, मला ओली पाहून थांबला. कागदावर सतरा नावं होती, त्याने एकही वाचलं नाही. माझं पेन भिजलं होतं, पण त्याच्या हातात स्वतःचं उघडंच होतं." त्या आठवून जरा हसल्या. "हिरवी शाई. मला बरं वाटलं. म्हटलं, अधिकाऱ्याची सही आहे, कोणी शंका घेणार नाही."

मी थँक्यू म्हणाले. दोनदा म्हणाले बहुतेक. मग स्टॉपवरून घरापर्यंत चालत आले, आणि वाटेतल्या एकाही दुकानाची पाटी वाचली नाही.

७. एकच पेन

मी दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या दारावरून पुढे गेले, सरळ तिसऱ्या मजल्यावर. आज्जी माझ्याकडे पाहूनच उठल्या. फळीवरून बिस्किटांचा डबा काढला, त्यातून एक झेरॉक्स.

पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत, हे अधिकाऱ्याने समोर पाहून लिहायचं. आज्जींना खाली उतरणं जड जातं म्हणून अधिकारी वर आले होते.

'या आज दिनांक अठरा नोव्हेंबर रोजी राहत्या पत्त्यावर माझ्यासमोर प्रत्यक्ष हजर होत्या.' खाली सही. झेरॉक्स काळी असते, पण ती सही माझ्या प्रगतिपुस्तकावर दर सहामाहीला असते.

तर असं झालं होतं. बाबा ऑफिसातून लवकर येऊन वर गेले. डाव्या मोरावर कोल्हापुरी पडली. आज्जी जिवंत आहेत आणि इथेच राहतात, असं त्यांनी लिहिलं. खाली उतरले, पेन अजून हातात. फाटकाशी एक भिजलेली बाई म्हणाली सर, सही. आणि त्यांनी त्याच शाईने लिहून दिलं की आज्जी इथे राहत नाहीत.

मी सगळं सोडवलं होतं. कोण, केव्हा, कुठे, कशाने. वही पूर्ण झाली होती आणि मला ती जिन्यातून खाली टाकावीशी वाटत होती.

गुरुवारी जेवणाच्या टेबलावर मी फोन, झेरॉक्स आणि वही बाबांसमोर ठेवली. बाबांनी क्रमाने पाहिलं, जसं ते कोणाचंही काम पाहतात.

"मला वाटलं पोच आहे," ते म्हणाले. "फॉर्म मिळाल्याची."

"सतरा नावं होती बाबा."

"तमिळमध्ये होतं."

"वाचून दाखवा म्हणायचं ना."

बाबांनी ताटातली कोशिंबीर एका बाजूला सारली. "अकरा वर्षं झाली इथे. हुद्दा आहे. फाटकावर उभं राहून चारचौघांत सांगू, की मला वाचता येत नाही?"

मला बाबांचा राग यायला हवा होता. आला नाही, तेच वाईट झालं.

"मग आता लिहून द्या, की चूक झाली."

"काय लिहू? एकाच दिवशी, एकाच पेनाने, वर हजर आणि खाली स्थलांतर? चौकशी होते कौमू. एक नाव निघालं की बाकीची सोळाही निघतात. मग गेल्या सहा महिन्यांत सही केलेला प्रत्येक कागद."

आई म्हणाली, "त्यांनी नवा फॉर्म भरला तर काय बिघडतं त्यांचं? मत मिळाल्याशी कारण."

"त्यात खोटं लिहावं लागतं, आई."

"एवढंसं," आई म्हणाली.

बाबा उठले. झेरॉक्स घडी करून माझ्या वहीत ठेवली. "तुला हा कागद द्यायचा असेल तर दे उद्या. मी अडवणार नाही." मग त्यांनी स्वतःचं ताट धुतलं. ते कधी धूत नाहीत.

८. टोकन चौसष्ट

शुक्रवारी मी शेवटच्या तासाला पोट दुखतं म्हणून सुटले. कचेरीत टोकन मिळालं चौसष्ट. समोर एक म्हातारा, त्याचा मुलगा यादीत होता आणि तो नव्हता. एक नवरीसारखी सजलेली बाई, माहेरच्या यादीतून काढलेली, सासरच्या यादीत न घातलेली. कोणी भांडत नव्हतं. डब्यातला भात खात, फायली मांडीवर घेऊन सगळे बसले होते.

माझं तमिळ तयार होतं. चार वाक्यं, पाठ. पहिलं वाक्य: त्या घरातच होत्या, हा पुरावा. दुसरं: पुराव्यावर सही करणारा आणि दुजोरा देणारा एकच माणूस आहे. तिसरं मी वाटेत तीन वेळा बदललं होतं, कारण त्यात 'माझे वडील' हे शब्द येत होते. मी ते 'एक रहिवासी' केले. मग पुन्हा 'माझे वडील' केले.

पाचला वीस मिनिटं असताना चौसष्ट पुकारलं.

कारकुनाने मला ओळखलं. "सापडला का तो? लिहून दिलं त्याने?"

वही माझ्या हातात होती. झेरॉक्सचा कोपरा बाहेर आलेला. त्याने कागद घ्यायला हात पुढे केला.

"ओण्णुमिल्लै," मी म्हणाले. काही नाही.

त्याने पासष्ट पुकारलं.

आज्जींचं दार उघडं होतं. सव्वापाच झाले होते. मी कोलमचा फोटो काढला नाही.

"दिलास?"

"नाही."

"सरी, बरें," त्या म्हणाल्या आणि डोशाचं पीठ ढवळायला लागल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "मला सोमवारींच कळलें. तूं झेरॉक्सला गेलीस तेव्हां त्या कारकुनानें कागद माझ्यापुढें केला, बिचारा. हिरवी शाई. त्या दिवशीं दुसरें कोण आलें होतें?"

"मग मला शोधू का दिलं?"

"तूं शोधत होतीस तर मला वाटलें, तुझ्या मागून ते येतील." त्यांनी तव्यावर पाणी शिंपडलं. "लिहून नको द्या म्हटलें असतें मींच. नोकरीचा माणूस. पण येऊन सांगतील. एक जिना तर आहे, कण्णा. सोळा पायऱ्या."

"तुम्ही नवा फॉर्म भरा ना आज्जी. मी भरते. फक्त सही करा."

"मुदत संपली कीं नाहीं?"

"त्याची नाही संपली. तो कधीही भरता येतो."

"तर मग घाई नाहीं," आज्जी म्हणाल्या, आणि तो फॉर्म त्यांनी कधी भरला नाही.

९. सोळा पायऱ्या

एप्रिलमध्ये मतदान झालं. आईबाबा सकाळी सातलाच जाऊन आले. दिवसभर बाबा शाई लागलेला डावा हात टेबलाखाली ठेवून जेवले, चहासुद्धा उजव्याच हाताने. दुपारी मी वर गेले तर आज्जींनी नेहमीची मतदानाची साडी नेसली होती, मोरपंखी, काठाची. घरातच. त्यांनी मला नवा धडा दिला.

लोक अजून कागद घेऊन येतात. बाबा अजून सह्या करतात, पण आता प्रत्येक कागद उलटसुलट पाहतात, आणि तमिळ असला तर मला हाक मारतात. मी वाचून दाखवते. आम्ही दोघंही मान वर करत नाही.

एक गोष्ट बदलली. आज्जी पूर्वी सगळी फरशी भरून कोलम काढायच्या. आता ते डावीकडे सरकलं आहे, लहान झालं आहे. शेवटच्या पायरीपासून बेलपर्यंत, एक माणूस पाय ठेवत जाईल एवढी पट्टी त्या कोरी सोडतात. मी गेले तरी मला तिच्यावरून येऊ देत नाहीत. "तूं कोलमवरून ये," म्हणतात. "ती वाट तुझी नव्हे."

मी अजून रोज दोन फोटो काढते. पाच वाजून गेल्यावर कधी कधी, मी आत धडा गिरवत असताना, जिन्यात कोल्हापुरीची करकर ऐकू येते. आज्जींचा पळीवरचा हात थांबतो. करकर दुसऱ्या मजल्यापर्यंत येते, आमचं दार उघडतं, आणि लागतं.

पट्टी कोरी आहे. त्या बाजूला मुंग्याही जात नाहीत, तिथे खायला काही नाही.